चिखलाचा अंगठा

रेवणअप्पा, शुक्रवारी चावडीपुढं तुमची शोकसभा झाली. नऊ जण बोलले. त्यातल्या आठांचा पाय तुमच्या तलावाच्या पाण्यात कधी भिजलेला नाही. नववी मी. माझाही भिजला नव्हता, पण त्याचं नंतर सांगते.

सरपंचांनी रुमाल डोळ्यांना लावला आणि मग तोच मानेवरून फिरवला, कारण ऊन फार होतं. "अप्पा म्हंजे आपल्या गावाचे भगीरथ व्हते," असं ते म्हणाले आणि टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या! तुम्ही असता तर मिशीत हसून म्हणाला असता, "असू द्या की बाई." तुमचं हे 'असू द्या' मला कधी आवडलं नाही. तुम्हाला माती दिली त्याला आज बारा दिवस झाले, तरी आवडत नाही.

कारण या भगीरथाला त्याच सरपंचांनी काय म्हटलं होतं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. बहात्तरच्या दुष्काळात आपल्या तलावाचं काम निघालं. अर्धं गाव दगड फोडत होतं, माती वाहत होतं आणि सुकडी खाऊन झोपत होतं. तुम्ही पाटबंधारे खात्यात उभी हयात पाणी मोजण्यात घालवून नुकतेच घरी आला होता. पेन्शन घेऊन ओट्यावर बसायचं, दुधनीच्या बाजाराला जायचं, ते सोडून तुम्ही रोज अनवाणी बांधावर. ओढ्याचं जुनं पात्र जिथं बांधाखाली गेलं, तिथं तुम्ही टाच दाबून दाखवलीत. टाच आत गेली. "हितली माती दाबली न्हाय. पाणी एक दिवस हितनंच वाट काढील," तुम्ही मुकादमाला सांगत होता. मुकादम तंबाखू मळत होता. त्याच्या शेजारी उभे राहून सरपंच म्हणाले, "म्हातारं खुळावलंय." मी शाळा सुटल्यावर तिथून चालले होते. मला इतका राग आला की माझी छत्री कुणाच्या तरी डोक्यात घालावी असं वाटलं. तुम्ही मात्र टाचेची माती झटकली आणि पुढं गेलात.

त्या एका टाचेपासून आपलं भांडण सुरू झालं, अप्पा. मी करकंबची, बदलीनं इकडं आलेली मास्तरीण. कागदावर माझा भारी विश्वास. मी म्हणायची, तक्रार करा, मी अर्ज लिहून देते. तीन अर्ज लिहिले. काय अक्षर होतं माझं! सोलापूरच्या कुठल्या तरी कपाटात ते अजून असतील, वाळवीनंही बाजूला ठेवलेले. बांधाखाली वस्ती आहे, पावसाळ्यात बांध फुटला तर तीस-चाळीस घरं पाण्यात जातील, हे मी तिन्ही अर्जांत लाल शाईनं अधोरेखित केलं होतं. उत्तर आलं नाही. चौथा लिहायला बसले तर तुम्ही दौत उचलून बाजूला ठेवलीत.

"बाई, पाणी यायच्या येळंला जीप येत न्हाय. त्या येळंला गावच असतंय. मंग गावालाच शिकवू की."

मला वाटलं, आता तुम्ही सातवी पास झालेल्यांना गोळा कराल. माझ्या डोळ्यांपुढं तक्ते, आलेख, फळा असं काय काय उभं राहिलं. तुम्ही आणलंत कुणाला? गावाचे कपडे धुणाऱ्या गंगव्वाला आणि मेंढरांमागं फिरणाऱ्या बिरप्पाला. दोघंही अंगठेबहाद्दर. मी तोंडावर म्हटलं, "अप्पा, हे दोघं तलाव राखणार? ह्यांना नव्वदनंतर आकडा येत नाही." तुम्ही शांतपणे म्हणालात, "आपला तलाव नव्वदपत्तुर जात न्हाय, बाई."

गंगव्वाचा दिवस पाण्याच्या काठावर जातो आणि तिचं घर बांधाखाली आहे. बिरप्पा रोज दोनदा बांधावरून मेंढरं नेतो. ज्याचं पोट आणि घर तलावाशी बांधलंय तोच बघेल, एवढं साधं तुमचं गणित. मला ते तेव्हा कळलं नाही. कळलं असतं तरी मी कबूल केलं नसतं.

शिकवणं तरी कसलं! पहिले आठ दिवस तुम्ही त्यांना बांधावर नुसतं बसवलंत. "नीरु नोडु," गंगव्वाला कानडीत सांगायचात, पाणी बघ. बिरप्पा कंटाळून म्हणाला, "अप्पा, बगितलं की. पानी हाय." तुम्ही म्हणालात, "अजून बग." मग हळूहळू दोघं बोलायला लागली. इथं उंदरानं बीळ केलंय. इथं बाभळीचं रोप उगवलंय, त्याची मुळी बांधात जाईल. इथं मागच्या अंगाला ओल आहे. ओलीच्या कडेनं तुम्ही त्यांच्याकडून खुंट्या ठोकून घेतल्या. ओल खुंटीच्या आत राहिली तर बरं, बाहेर आली तर सांगायचं. आणि तो चहाच्या हॉटेलातून मागून आणलेला काचेचा ग्लास. बांधातून झिरपणारं पाणी त्यात धरायचं आणि उन्हात बघायचं. नितळ असेल तर काळजी नाही, गढूळ असेल तर बांधाच्या पोटातली माती वाहून चाललीय. "घामाला भिऊ नगा, मातीला भ्या," हे तुमचं वाक्य गंगव्वा कपडे आपटताना गाण्यासारखं म्हणायची.

गढूळ आलं तर काय करायचं, तेही तुम्ही त्यांच्याकडून घोटून घेतलंत. वर ओझं टाकून पाणी दाबायचं नाही, ते दुसरीकडून फुटेल. पाण्याला जाऊ द्यायचं, मातीला अडवायचं. आधी वाळू, मग खडी, मग दगड. बांधामागं ओलीपाशी बसून तुम्ही तिघं वाळूचे ढीग करत होता तेव्हा मी रस्त्यावरून ओरडले होते, "काय अप्पा, भातुकली का?" गंगव्वानं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही.

मग तो दगड. यल्लप्पा वडारानं घडवलेली उंच शिळा, तिच्यावर वीत-वीत अंतरावर छिन्नीनं मारलेल्या रेघा. तलावाचं पाणी सोडायच्या मोरीपाशी ती पाण्यात उभी केलीत. दर सोमवारी एकानं पाण्यात उतरायचं आणि किती रेघा उघड्या ते मोजायचं. गंगव्वा, बिरप्पा, तुम्ही, पुन्हा गंगव्वा, अशी पाळी. त्यानं किंवा तिनं शाळेत येऊन मला आकडा सांगायचा आणि मी वहीत लिहायचा. पुढं सहीची जागा होती. मी म्हटलं, अप्पांनी सही करावी, उरलेल्यांसाठी मी शाईची गादी आणते. तुम्ही जोरात मान हलवलीत.

"शाईचा अंगठा घरी बसूनबी उठतोय, बाई. तलावातला चिखल आणायचा, त्याचा अंगठा. तो पाण्यात उतरल्याबिगर मिळत न्हाय."

आणि तुम्ही, चांगली वळणदार मोडी येणारा माणूस, तुम्हीही चिखलाचाच अंगठा उठवायचात. माझी वही म्हणजे गोठ्यातली फरशी झाली. एकदा तुम्ही म्हणालात, "बाई, एक सोमवार तुमीबी चला की." मी म्हटलं, "मी वही सांभाळते, चिखल तुम्ही सांभाळा." तुम्ही हसलात. त्यानंतर वर्षातून एकदा तरी विचारायचात, आणि मी वर्षातून एकदा तरी तेच उत्तर द्यायची. चार वेळा तरी ऐकलंत तुम्ही ते.

आता जीपबद्दल लिहिते, कारण ते लिहिल्याशिवाय मला झोप यायची नाही. एकदा जीप आली. कुणी तरी वरून हुकूम काढला होता की गावोगावच्या लोकांना तलाव राखण्याचं शिक्षण द्यायचं. तुमचं काम चालू होऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. शाळेपुढं मांडव, लाऊडस्पीकर, खुर्च्या. पँटवाल्या साहेबांनी दीड तास भाषण केलं आणि सारा वेळ तलावाकडं पाठ करून बसले. शेवटी 'तलावरक्षक' म्हणून दोन प्रमाणपत्रं वाटली. एक सरपंचांना, एक सरपंचांच्या मेव्हण्याला, जो अकलूजहून पाहुणा आला होता. गंगव्वाला काय मिळालं? टेबलावरची चादर धुवायला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण, आणि इथले पाषाण तर इतके कोरडे की काठापर्यंतसुद्धा कुणी गेलं नाही. जाताना साहेबांनी नारळ मात्र मागून घेतला, जलपूजनाचा. तो त्यांनी जीपमध्ये बसूनच ड्रायव्हरच्या हाती तलावावर पाठवला.

मी त्या दिवशी तुमच्यावर तोंडभर ओरडले. तुम्ही उठून बोलायला हवं होतं, भिडस्तपणाला काही सीमा असते, तुमच्या असल्या 'असू द्या'मुळेच हे लोक सोकावतात. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "चादर धुताना गंगव्वानं दगड बगितला. सात रेघा उघड्या हायत. वहीत लिवा."

पण आपलं खरं भांडण शेंदरावरून होतं. तलाव पहिल्यांदा काठोकाठ भरला त्या अमावास्येला गावानं तुमच्या दगडाला शेंदूर फासला. पाण्यापासून वरपर्यंत, तेल घालून, असा जाड की एक रेघ दिसेना. हार घातला, अगरबत्ती लावली. मोजायच्या दगडाचा देव करायचा, हे फक्त आपल्याच गावाला सुचावं. तुम्ही कमरेइतक्या पाण्यात उभं राहून नखानं एकेक रेघ कोरून काढत होता आणि मी काठावरून बोलत होते. तुम्ही म्हणालात, "देव केला तर राखतील तरी." मी म्हटलं, "देव केला की माणूस राखत नाही, अप्पा. नमस्कार करतो आणि मोकळा होतो." हे भांडण आपण कधी संपवलं नाही. दर अमावास्येला शेंदूर, पुढच्या सोमवारी तुमची नखं, आणि मधल्या दिवसांत आपण दोघं.

आणि बघा, तुम्ही गेलात आणि मीच खरी ठरले. शोकसभेच्या आदल्या दिवशी त्यांनी तो दगड उपटला. चार बैल लावले, साखळदंड लावला आणि ओढून काढला. बांधाच्या तोंडाशी चौथरा बांधून त्यावर बसवणार, तुमचं स्मारक म्हणून. वाळू, खडी, दगड गाडीनं येऊन पडले. पुढून शेंदूर, मागून तुमचं नाव. भर भाद्रपदात, तलाव फुगलेला असताना, पाणी मोजायचा दगड काढून पाणी मोजणाऱ्याचं स्मारक! एवढा मूर्खपणा शाळेत शिकवून येत नाही.

मी काय केलं म्हणता? मी हार धरून उभी होते. सरपंचांनी हातात दिला होता. दगड वर येताना त्यावरून चिखल ओघळत होता आणि मी हाराची फुलं सारखी करत राहिले. दुसऱ्या दिवशी सभेत मी शुद्ध मराठीत 'जलसाधक' वगैरे म्हणाले. मला सगळ्यांत जास्त टाळ्या पडल्या. उभ्या गावाला नावं ठेवणारी मी, त्या दिवशी त्या आठांत सहज खपून गेले.

रविवारभर पाऊस पडला. सोमवारी सकाळी मी हजेरी घेत होते तर गंगव्वा वर्गाच्या दारात उभी राहिली, गुडघ्यापर्यंत चिखल, हातात तो ग्लास.

"बाई, बगा की."

मी ग्लास घेतला. अप्पा, इतकी वर्षं मी त्या ग्लासाबद्दल लिहीत होते, 'पाणी नितळ', 'पाणी नितळ', आणि एकदाही तो हातात धरला नव्हता. मला कळेना. मी म्हटलं, "थोडं मळकट दिसतंय, पावसाचं असेल."

गंगव्वानं माझ्या हातातून ग्लास काढून घेतला आणि उन्हात धरला. "तळाला बगा. माती हाय. पिवळी. बांधाच्या पोटातली हाय ती, पावसाची काळी आस्ती. आन खुंट्या कवाच मागं पडल्या."

"कुठं?"

"अप्पानं टाच दाबली व्हती तितंच."

मी विचारलं, "तलावात पाणी किती आहे? दगड तर काढला."

"दगड काढला म्हून पानी मोजायचं ऱ्हातंय व्हय? त्यो गेला तवा चार रेघा उगड्या व्हत्या. म्या माज्या धुन्याच्या दगडावर खूण केली. आज खुनंच्या वर दोन वीत पानी हाय."

बाई म्हणून मला सगळं गाव ओळखतं, पण त्या दारात शहाणी एकच होती आणि ती मी नव्हते.

शाळा सोडून दिली. आम्ही बांधावर पोचलो तेव्हा बिरप्पा मोरीचं दार उघडायला खाली उतरला होता आणि सरपंच वर उभे होते. "सोलापूरला इचारल्याबिगर दार उगडता यायचं न्हाय," असं ते म्हणत होते. खालून बिरप्पा ओरडला, "तुमी इचारा. तवर मी उगडतो." गंगव्वा सरळ तुमच्या स्मारकाच्या ढिगाशी गेली आणि पाटी वाळूनं भरली. वस्तीतल्या बाया तिच्यामागं आल्या. सरपंच धावले. "ए, हे अप्पांच्या स्मारकाचं सामान हाय!"

गंगव्वा थांबलीसुद्धा नाही. "अप्पाचंच न्हवं? मंग अप्पाला लागलंय."

आधी वाळू, मग खडी, मग दगड. मी पाट्या वाहिल्या, अप्पा. एकदा घाईनं खडी आधी ओतली तर गंगव्वानं सगळ्यांदेखत मला झापलं. "भातुकली वाटली व्हय, बाई?" तिनं ऐकलं होतं तर. इतकी वर्षं ते वाक्य तिनं जपून ठेवलं होतं. मला ते बरोबर लागलं आणि लागायलाच हवं होतं.

पहिला ग्लास गढूळ आला. दुसराही. दुपार टळल्यावर तिसरा धरला आणि गंगव्वानं तो माझ्या हातात दिला. मी उन्हात धरला, तळ बघितला. नितळ होता. मी तिथंच चिखलात बसून रडले. तुम्हाला माती देताना मी रडले नव्हते, लोक बघतील म्हणून.

आज मंगळवारी दगड परत पाण्यात गेला. ज्या बैलांनी बाहेर काढला तेच बैल, तीच माणसं. गंगव्वानं त्यांना एवढंच सांगितलं की अप्पाला कोरड्यात करमायचं न्हाय. लगेच पटलं त्यांना. देवाची जागा चुकली म्हणून कान पकडून, नारळ फोडून दगड जागेवर नेला. मी तीन अर्ज लिहूनही हे झालं नसतं. म्हणून शेंदराच्या भांडणात तुम्ही अर्धे जिंकलात असं मी म्हणते. अर्धेच. पूर्ण म्हणणार नाही, कारण सरपंच आत्ताच विचारून गेले की साहेबांना बोलवून बांध वाचवल्याचा सत्कार कधी ठेवायचा, आणि कुणाकुणाचा ठेवायचा हे त्यांचं ठरलेलं दिसतंय.

दगड उभा राहिल्यावर गंगव्वा म्हणाली, "काल सोमवार. पाळी अप्पाची व्हती." बिरप्पा माझ्याकडं बघत होता. मी निऱ्या खोचल्या आणि उतरले. पाणी थंड होतं आणि खालचा चिखल बोटांमधून वर येत होता. शेंदूर होताच, जाड, चिकट. नखानं रेघा कोरायला मला अर्धा तास लागला. एक नख तुटलं. तुम्ही हे दर महिन्याला हसत कसे करत होता, अप्पा? मी एकदा तरी विचारायला हवं होतं.

तीन रेघा उघड्या आहेत. शाळेत येऊन वहीत आकडा लिहिला, 'पाणी नितळ' लिहिलं आणि पुढच्या रकान्यात सही करायला टाक उचलला. मग टाक खाली ठेवला आणि तुमच्या मागच्या पाळीच्या आणि त्यानंतरच्या दोघांच्या अंगठ्यांखाली, वाळून भेगाळलेल्या त्या चिखलाखाली, माझा ओला अंगठा दाबला.